पाठकोरे कागद

७ जानेवारी १९३५, सोमवार
माझा नातू आनंदा मोठा लेखक होणार. बंदरावरची कारकुनी सांभाळून नऊ वर्षं कादंबरी लिहितोय. सगळी त्याच्या आईवर, माझ्या सत्यवतीवर. तो पाच वर्षांचा असताना गेली माझी लेक. काल त्याने वाचून दाखवलं, वीस पानं ती नुसते तांदूळ निवडतेय. ऐकता ऐकता माझी पेज करपली.
ठराव : त्याच्या कामात तोंड घालायचं नाही.

२ फेब्रुवारी
मुंबईच्या प्रकाशकाचं उत्तर आलं. एवढी मोठी कादंबरी कोण घेतो, म्हणतो. वर्गणीदारांना दरमहा शंभर पानांचं पुस्तक लागतं, त्यात खून हवाच. आनंदा जेवला नाही. मग थोडंसं तोंड घातलं. म्हटलं, एक खून देऊन टाक बाबा, वाडीच्या राखणदार देवाला कोंबडा देतात तसा. मग मोठी छापतील.
शेजारची भागूबाई म्हणते, "राखणदाराला एकदा दिलंस की तो दरसाल मागतो गो." तिला अक्षर येत नाही. मला येतं.

१९ मार्च
खून झाला. सोनाराचा. प्रकाशक खूश, आता दरमहा पाठवा म्हणतो. नवे कागद कशाला? मोठ्या कादंबरीची पानं पाठकोरी पडलीत, त्यांच्यावर लिही, हे मीच सुचवलं. छापून झाली की येतील परत. शेजारी ताट पाठवलं तर परत येतं की नाही?
आनंदाने पानांचा गठ्ठा सोडला. मग म्हणाला, तशीही ती कोण वाचणार.

११ मे
पुढच्या दोन पुस्तकांत वाणी गेला, सासू गेली, शिपाई गेला. पुस्तकं ऐकायला अंगण भरतं, मी चहा देते. लेखकाची आजी आहे मी. आनंदा जेवताना विचारतो, "आता कोण उरलंय?" मी हसते. तो हसत नाही. रोडावलाय. उन्हाळा बाधला असेल.
कागद अजून आले नाहीत. मुंबईचं पोस्ट, दुसरं काय.

२१ सप्टेंबर
अविधवा नवमी. सत्यवतीचं पान वाढलं. आनंदाला म्हटलं, आज तिच्या कादंबरीतल्या चार ओळी वाच. तो म्हणाला, काही उरलं नाही. छापून झालेल्या कागदांनी छापखान्यात शाई पुसतात.
मी म्हटलं, मग परत लिही. त्यात काय एवढं.
"बसलो होतो, आजी. आई दिवा लावत होती. तिसऱ्या पानावर दाराआड कोणीतरी सुरा घेऊन उभा राहिला. मी आणला नव्हता त्याला."
आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग? पुढे?"
आनंदा भरल्या ताटावरून उठला.