विहाराची पायरी

४ एप्रिल १९७१
आज विहारात गेले नाही. ठरवून. आबांनी स्वतःच्या हाताने बांधलेला विहार. सात वर्षं संध्याकाळची वंदना मीच सांगतेय. मी म्हणायचं, वस्तीने मागून. पण हल्ली 'शरण' म्हणताना जीभ अडते. कुणालाच शरण जायचं नाही, तर रोज तोंडाने कशाला म्हणा? आबांना म्हटलं, डोकं दुखतंय. भित्री कुठली.

९ एप्रिल
आबांना खरं काय ते सांगितलं. आधी कळलंच नाही. "म्हंजी परत खंडोबा?"
नाही, तोही नाही.
"मंग ऱ्हायलं काय?"
याच माणसाने छप्पन साली देव्हारा पाटीत घालून मुळा नदीच्या डोहात सोडला. आजी काठावर रडत होती. मी चौथीत. सोडायचं शिकले ते यांच्याकडूनच. तसं म्हटलं, तर ताटावरून उठले.

२२ एप्रिल
नगरहून बुद्धमूर्ती आली. हार, मेणबत्त्या, घोषणा. आत्या लगबगीने पुढे झाली आणि पायरीवर खाडकन नारळ फोडला! एकच गलका. आबा बहिणीवर असे ओरडले की बिचारी पदर तोंडाला लावून बसली. मग तेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हाताची सवय हाय तिच्या."
तिचं मिटलं. माझ्याशी मात्र आबांचं बोलणं अजून बंद. नारळ घरी आणून चटणी केली. चांगली झाली.

१० मे, बुद्धपौर्णिमा
वंदना सांगायला कुणी नाही म्हणून आबाच उभे राहिले. मी बाहेर पायरीवर. निम्म्यात ते अडले. त्यांना वाचता येत नाही, सगळं माझं ऐकून पाठ केलेलं. मागची माणसं खोळंबली. कुणीतरी खोकलं. आबांची मान खाली. फार वाईट वाटलं मला.
"सुगतो," पुढचा शब्द दारातूनच सांगितला.
मागे वळून पाहिलं नाही त्यांनी. पुढचं म्हणत गेले.

११ मे
सकाळी चहा घेताना आबा, भिंतीकडे बघत: "आत नको यिऊस. दारात बसत जा. अडलो तं सांग."
महिन्याभरात एवढं पहिल्यांदा बोलले.
"'शरण' मी सांगणार नाही," म्हटलं.
"त्ये मला येतंय."

संध्याकाळ झालीय. आबा पुढे गेले. चपला घालून ओट्यावर बसलेय, अजून उठले नाही.