पट्टा मिळाला

१२ एप्रिल
पट्टा तुटला. झाई गावातल्या हळदीत नवरीच्या मामीने मला मिठीत ओढलं आणि शिवण उसवली. कॅमेरा वाळूत! चालतोय, पण लेन्स फिरवली की करकरतो. स्टुडिओ उमेशचा, कॅमेरा उमेशचा, माझी फक्त मान. "हर्षदा, धड पट्टा घे, नाहीतर पुढच्या लग्नाला येऊ नको," म्हणाला. उसवली शिवण, बोलणी मला.

१४ एप्रिल
डहाणूतली दुकानं पालथी घातली. अरुंद पट्टा मान कापतो. वळ उठलाय. आई अंथरुणातून म्हणते, बैलाचा खांदा झालाय तुझा. तिरपा घालायचा एक मिळतो, आरामाचा, पण सगळा भार खालच्या एका स्क्रूवर. तो निसटला की संपलं. मला रुंद, सुती, दोन्ही बाजूंनी अडकणारा हवा. दुकानदार म्हणाला, "बेन, इतना देख के तो लोग छोकरा भी पसंद नहीं करते." हसले. बसमध्ये मात्र रडू आलं. एवढीशी गोष्ट, तीही जमेना.

१७ एप्रिल
मिळाला! दुकानदारानेच मागवून दिला. आतून मऊ, दोन्ही कड्यांना दुहेरी शिवण. लगेच घरी, सायवनला फोन लावला. रेंज येत-जात होती. "आई, पट्टा मिळाला. संध्याकाळी घेऊन येते." ती रडायला लागली. मला वाटलं, माझ्या मानेच्या काळजीने. फोन कट.

१७ एप्रिल, रात्री
जीभ झडो माझी.
दारात कोंबडी सोललेली. बाबा धुतलेला सदरा घालून बसलेले. आणि दिवाळीपासून पडून असलेली आई उठून बसलेली! शेजारची कमळीकाकी म्हणाली, "आला गं शेवटी पट्टा."
आमच्या पाड्यात पट्टा म्हणजे एकच. वनपट्टा. डोंगरउतारावरची जमीन आजोबांपासून आम्ही कसतो, पण सरकारदरबारी ते जंगल. ती आपली आहे असं सांगणारा कागद, त्याची वाट बघत आजोबा गेले. आणि मी फोनवर काय बोलले!
पिशवी पाठीमागे धरली. आईने विचारलं, "कागद कुठं हाये?" तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं — "ऑफिसात. सही राहिलीय."

२० एप्रिल
आई जेवते. भिंत धरून ओटीपर्यंत आली. बाबांना विचारत होती, "माझं पण नाव हाये ना त्याच्यावर?" बाबा म्हणाले, "हाये. तुझं पहिलं." कुठून आणतात हे? त्यांचा भोळेपणा बघून जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

२३ एप्रिल
आजही नाही सांगितलं.

२६ एप्रिल
तलासरीला लग्न होतं. दिवसभर कॅमेरा गळ्यात, पण मान अजिबात दुखली नाही. त्याचाच राग येतो. उमेश म्हणाला, "पट्टा एक नंबर आहे." मला तो शब्दच नको झालाय.
घरी बाबा भाताच्या रोपांसाठी राब भाजतायत, बांध घालतायत, तरण्या माणसासारखे. उद्या जंगल खात्याचा माणूस भेटला आणि हे छाती काढून "पट्टा आलाय आमचा" म्हणाले तर? चारचौघांत हसं होईल. आईला कळेल. ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल, आणि या वेळी उठायची नाही. सांगितलं तरी तेच, नाही सांगितलं तरी तेच. काही सुचत नाही. कुणाला विचारू? ज्यांना विचारायचं, त्यांनाच फसवलंय.

२८ एप्रिल
सकाळी बाबांनी खुंटीवरचा कॅमेरा उतरवला. पट्टा दोन्हीकडून ओढून बघितला. "मजबूत हाये. त्याच दिवशी बघितला मी, तुझ्या पिशवीत."
आई आत झोपली होती.
"तिला नको सांगू. हा भार दोघं धरू," म्हणाले आणि राबाकडे गेले.