आमच्या बाथरूमचं जीवनचक्र

३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी खालच्या काकू वर आल्या होत्या. आमच्या बाथरूमचं पाणी त्यांच्या बेडरूमच्या छतातून ठिबकतंय. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तुमच्या लक्षात आलं नसेल, म्हणाल्या. लक्षात आलं होतं.

महिनाअखेरीला त्यांचा मुलगा येतोय. तो त्यांना कधीपासून आपल्या शहरात न्यायचं म्हणतोय, आणि त्या फोनवर ‘घर ठणठणीत, मीही ठणठणीत’ असं सांगून त्याला टोलवताहेत. त्यांना इथेच राहायचंय. ओलं छत दिसलं की मुलगा ऐकायचा नाही. याच आठवड्यात काम उरकतो, असा शब्द दिला. छातीवर हात ठेवून दिला.

४ फेब्रुवारी
प्लंबर येऊन गेला. फरशा उखडायच्या, खाली वॉटरप्रूफिंग, वर नव्या फरशा. उद्यापासून लागतो म्हणाला. मी थांबवलं. माझा धंदाच मुळी लाइफ सायकल अ‍ॅनालिसिसचा. इमारतीतली प्रत्येक वस्तू, खाणीतून निघाल्यापासून राडारोडा होऊन डंपरमध्ये पडेपर्यंत, पृथ्वीला किती महागात पडते ते मी काढून देतो. अशा माणसाने स्वतःच्या घरात डोळे झाकून फरशा फोडायच्या? लोक काय म्हणतील? कुठले लोक, असं बायकोने विचारलं.

दोन दिवसांत अ‍ॅनालिसिस हातावेगळं करतो.

८ फेब्रुवारी, शनिवार
झालं नाही. पर्याय तीन: सगळं उखडणं, नुसते सांधे खरवडून भरणं, जुन्या फरशीवरच नवा थर देणं. बाथरूमचं आयुष्य साठ वर्षं धरलं तर पहिला जिंकतो. तीस धरलं तर दुसरा. मधलं काही धरलं तर तिघेही ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत बसतात.

संध्याकाळी काकू जिन्यात भेटल्या. त्यांना साठ वर्षांचं गणित नीट समजावलं. मला ऐंशीवं लागलंय, म्हणाल्या, माझ्यापुरतं थोडं कमी धरलंत तरी चालेल. हसल्या. मीही हसलो. घरी आल्यावर चहा न घेताच लॅपटॉप उघडला.

९ फेब्रुवारी
संकल्प: छताखाली काकूंनी ठेवलेली बादली रोज सकाळी मी स्वतः खाली जाऊन रिकामी करणार. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

१० फेब्रुवारी
बादली रिकामी केली. फार प्रसन्न वाटलं.

११ फेब्रुवारी
आज बायको गेली. मला मीटिंग होती.

१५ फेब्रुवारी
बादलीचं खातं आता बायकोकडेच आहे. मी काकूंचा पलंग ठिबकण्याखालून भिंतीकडे सरकवून दिला. बादलीत त्यांनी टॉवेल घालून ठेवलाय, ठिबकण्याचा आवाज वर आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. हे त्यांनी सांगितलं नाही, बायकोने सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छताचे फोटो काढले. फोटो मात्र झकास आलेत.

१९ फेब्रुवारी
घोडं अडलंय फरशीपाशी. भट्टी गॅसवर चालते की विजेवर, असं कारखान्याला ईमेलवर विचारलंय. उत्तर नाही. आता यात माझा काय दोष? प्लंबर फोन करकरून थकला, असं बायको म्हणाली. डेटा आल्याशिवाय मी निर्णय घेत नसतो, असं ठणकावलं. लग्नाच्या वेळी कुठला डेटा आला होता, म्हणाली. मुद्दा सोडून बोलायची सवयच आहे तिला.

२१ फेब्रुवारी
ऑफिसात प्रेझेंटेशन दिलं: ‘एका छोट्या दुरुस्तीचा दीर्घ विचार’. पहिल्याच स्लाइडवर काकूंचं छत. टाळ्या. साहेब खूश. फक्त आमच्या इंजिनिअर बाईंनी विचारलं, निर्णय होईपर्यंत खालच्या घराचं जे नुकसान होतंय ते कुठे धरलंय? म्हणालो, अभ्यासाची हद्द आमच्या फरशीपाशी संपते, खालचं घर हद्दीबाहेर.

घरी येताना काकूंच्या दारावरून चपला हातात घेऊन गेलो. का, ते माहीत नाही. माहीत आहे.

२४ फेब्रुवारी
कारखान्याचं उत्तर आलं. गॅस. म्हणजे नवी फरशी पृथ्वीला महाग. चला, निकाल लागला: नुसते सांधे भरायचे! लगेच प्लंबरला फोन केला. तो दुसरं काम धरून बसलाय, पुढच्या महिन्यात बघू म्हणतो. लोकांना शब्दाची चाड राहिली नाही.

२६ फेब्रुवारी
दुपारी काकूंच्या छताचा गिलावा कोसळला. पलंग सरकवलेला होता म्हणून त्या वाचल्या. म्हणजे एका अर्थी माझ्यामुळेच

हे वाक्य पुरं करायची लाज वाटतेय.

खाली जाऊन पडलेला गिलावा गोळा करून पोत्यात भरला. माफी मागायला तोंड उघडलं आणि गिलाव्यात सिमेंट किती असतं यावर बोलत सुटलो. काकू ऐकत होत्या. बायको खाली बघत होती.

संध्याकाळी काकूंचं घर अभ्यासाच्या हद्दीत घेतलं. त्यात राहणारी माणसं: एक. सगळी गणितं बदलली. आता तिन्ही पर्यायांत सगळ्यात वाईट काय, तर उशीर.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
मुलगा आला. छताकडे बघितलं. बॅगा काढल्या. त्याला आलेख दाखवावेत म्हणून लॅपटॉप घेऊन गेलो होतो, तसाच बगलेत धरून परत आलो.

१ मार्च
काकू गेल्या. निघताना जिना चढून निरोप घ्यायला वर आल्या. बायकोला जवळ घेतलं. दोघी रडल्या. मी दाराची कडी उघडझाप करत उभा. काकू, मला माफ करा, हे चार शब्द सकाळपासून घोकले होते. त्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला.

“फार त्रास दिला हो तुम्हाला. आता खुशाल पाणी वापरा. खाली कुणी नाही.”

२ मार्च, रविवार
सकाळी अ‍ॅनालिसिस अद्ययावत केलं. राहणारी माणसं: शून्य. निकाल अगदी स्पष्ट आला. काहीच न करणं सर्वांत उत्तम.

बाथरूममध्ये बराच वेळ उभा होतो. नळ सोडवेना. तसाच, आंघोळ न करता बाहेर आलो.