मार्कर वीरप्पा यांचे नाव एकदा पुकारण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
विभागीय स्नूकर स्पर्धा समिती,
उस्मानाबाद.

विषय : स्पर्धक क्र. १४ यांचे नाव यादीतून न काढता पहिल्या दिवशी पुकारण्याबाबत.
संदर्भ : समितीचे परवानगीपत्र क्र. ४१, दि. २० मार्च १९६१.

महोदय,

१. गेल्या जुलैपर्यंत माझे वडील टेबलाच्या एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाचे तांबडा आणि तपकिरी चेंडू वेगळे ओळखत. हे अंतर बारा फूट. डिसेंबरात ते पाच फुटांवर आले. गेल्या गुरुवारी मी दोन्ही चेंडू त्यांच्या तळहातांवर ठेवले. वजन सारखेच आहे, एवढेच त्यांनी सांगितले. सोलापूरच्या डॉक्टरांचा काचबिंदूचा दाखला सोबत जोडला आहे. नजर परत येणार नाही.

२. वडील, श्री. वीरप्पा कोरे, येथील क्लबात बावीस वर्षे मार्कर आहेत. चेंडू मांडणे, गुण सांगणे आणि सामन्यापूर्वी दोन्ही खेळाडूंची नावे मोठ्याने पुकारणे, हे त्यांचे काम. नाव पुकारल्यावर खेळाडूने 'हजर' म्हणायचे आणि मगच काठी उचलायची, अशी इथली रीत आहे. वार्षिक स्पर्धेच्या गेल्या पाच विजेत्यांपैकी तिघे त्यांच्याच हाताखाली शिकले. परंतु क्लबाच्या नोकराने स्पर्धेत उतरू नये, असा नियम होता.

३. हा नियम शिथिल व्हावा म्हणून त्यांनी १९५५ साली अर्ज केला. तो विचाराधीन असताना जुने राज्य मोडून आपला जिल्हा मुंबई राज्यात आला आणि समितीचे दप्तर बिदरला होते, ते म्हैसूर राज्यात गेले. परराज्यातील अर्जावर निर्णय देता येत नाही, असे तिकडून कळवण्यात आले. १९५७ साली दुसरा अर्ज केला. तो मंजुरीस येईतो महाराष्ट्र राज्य झाले, म्हणून नव्या राज्याच्या नावे तिसरा मागवला. तिन्ही राज्यांत वडील त्याच एका टेबलाजवळ उभे होते. क्लबाचे चिटणीस वसंतराव हसून म्हणत, "वीरप्पा, तुम्हीच खेळायला लागलात तर गुण कोण सांगणार?" वडीलही हसत. घरी आल्यावर मला म्हणत, "खरंच की गं, कोण सांगणार?"

४. आता परवानगी मिळाली, त्याबद्दल समितीची आभारी आहे. पत्र बुधवारी आले. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि घडी करून खिशात ठेवले. खेळू न शकणाऱ्याने तीन दिवस आधी नाव काढून घ्यावे, असे त्यात लिहिले आहे. ती मुदत येत्या गुरुवारी संपते. नाव काढायचे की ठेवायचे, हे मी त्यांना पाच दिवस विचारत होते. ते खिशातले पत्र चाचपून पाहत. त्यांच्या वतीने मी ठरवणे मला योग्य वाटले नाही, म्हणून हा अर्ज उशिरा येत आहे.

५. तरी विनंती, की २ एप्रिल रोजी त्यांचे नाव यादीप्रमाणे पुकारले जावे, आणि नोंदवहीत 'गैरहजर' न लिहिता 'हजर, डाव सोडला' असे लिहिले जावे. मी त्यांना हाताला धरून आणीन. सामन्यांचा वेळ जाणार नाही. ही मागणी माझी नाही. आज सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "नाव काढू नको. पुकारू दे त्यांना. मी हजर म्हणीन, अन् डाव समोरच्याला देऊन टाकीन."

उत्तराची वाट पाहणारी,
शामला वीरप्पा कोरे, बी. एस्सी.
विज्ञान शिक्षिका
उस्मानाबाद, दि. २७ मार्च १९६१