गोदामाजवळची शाळा

बाई, तुम्ही गेलात त्याला कितीतरी वर्षं झाली, आणि तुमच्या शाळेत आता मी शिकवते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही बोर्ली पंचतनच्या, पण आमच्या या खाडीकाठच्या गावात खोली घेऊन राहिलात. पहिल्या दिवशी मी बौद्धवाडीतल्या इतर मुलींसारखी दाराशीच बसले होते. "तिथं वारा खायला बसलीस का? पुढं ये," तुम्ही म्हणालात. आवाज कडक होता. मला रडू आलं, पण त्यानंतर मी कधी कुठं मागे बसले नाही.

शाळेपुढची भातशेती गेली, बाई. भराव टाकून तिथं गोदामं उभी राहिलीत, एकाला लागून एक. पावसाचं पाणी पूर्वी शेतात पसरायचं, ते आता आमच्या वाडीत शिरतं. जमिनी विकून बरीच घरं पनवेलला गेली. मुलं इतकी कमी झाली की शाळा बंद करायचं घाटत होतं. पण त्याच गोदामांमुळे माझा धाकटा भाऊ मुंबईतली भाड्याची खोली सोडून घरी आला. आत फोर्कलिफ्ट चालवतो, आईच्या हातचं जेवतो. आणि शाळाही वाचली ती गोदामांमुळेच. माल चढवायला-उतरवायला बिहारहून, ओडिशाहून आलेल्यांची मुलं आली आणि वर्ग पुन्हा भरले.

त्यातली एक मुलगी दाराशी बसायची. मी तिला तुमचंच वाक्य ऐकवलं. तिला मराठी कळली नाही, पण ती उठून पुढं आली. दिवाळीपर्यंत फळ्यावरचं वाचायला लागली. दवाखान्यात आईच्या वतीनं तीच डॉक्टरांशी मराठीत बोलायची.

एका सकाळी शाळेच्या वळणावर कंटेनरखाली ती गेली. मी धावत पोचले तेव्हा दप्तर तिच्या पाठीवरच होतं.

गावानं रस्ता अडवला. मीही बसले. दुपारी गोदामाच्या फाटकातून भाऊ बाहेर आला आणि माझ्याजवळ उकिडवा बसला.

"ताई, त्यांना रस्ता सोडायला सांग. माल अडकला तर आमाला उद्या कामावर घेणार न्हाय."

"तू ओळखत होतास ना तिला?"

"व्हय. तिचा बापूस माझ्याच पाळीत हाय."

एवढं बोलून तो उठून आत गेला. मला त्याचा राग आला नाही, आणि हेच मला अजून सलतं.

संध्याकाळी बांधकाम खात्याचे साहेब आले, गतिरोधक करू म्हणाले, आणि केलाही. तिचे आईबाप गावी परत गेले. निघण्याआधी आई शाळेत आली. "मॅडम, वो कहाँ बैठती थी?" मी पहिल्या रांगेतली जागा दाखवली. ती तिथं मांडी घालून बसली, फळ्याकडं बघत. मी वर्ग तसाच चालू ठेवला. दुसरं काय करावं ते सुचेना.

आता रोज सकाळी मी वळणावर उभी राहते, मुलांना रस्ता ओलांडून देते. मध्यंतरी गाडीवाल्यांचा संप झाला. रस्ता मोकळा पडला, मुलं त्यावर लगोरी खेळली, गावाला शांत झोप लागली. माझ्या मनात मात्र एकच घोळत होतं, गोदामं इथून हलली तर ही मुलंही जातील, शाळेला कुलूप लागेल.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. संप मिटला त्या सकाळी वळणापलीकडून पहिल्या कंटेनरचा हॉर्न ऐकू आला, आणि बाई, मला हायसं वाटलं.