मेई काकूंनी कोरी सोडलेली जागा

१४ ऑक्टो.
तळमजल्यावरच्या लिन काकांना वरणभात नेऊन दिला. मेई काकू मार्चमध्ये गेल्या तेव्हापासून मंगळवारचं ठरलेलंच. आजही ब्रशने जुन्या वर्तमानपत्रावर लिहिणं चालू. चार ओळी, ओळीत पाच चिनी अक्षरं. सात महिने तेच. "मेईच्या शेवटच्या चित्रासाठी." काकू चित्र काढायच्या, हे कविता करायचे, चाळीस वर्षं. आता पार्किन्सन्स. चौदाव्या अक्षराला हात हमखास हलतो. मी म्हटलं, छान तर दिसतंय. असं बघितलं माझ्याकडे की मी डबा ठेवून निघाले.

२२ ऑक्टो.
लि. काका बाथरूममध्ये पडले. ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल. मुलगा लांब, रेडमंडला. फोनवर म्हणाला, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगला येतो आणि बाबांना कायमचं माझ्याकडे घेऊन जातो. घराची किल्ली माझ्याकडे.

२४ ऑक्टो.
खाली झाडांना पाणी घातलं. काकूंचं चित्र टेबलावर उघडंच. खाली नदी, काठाला थोडी लव्हाळी, वर सगळं कोरं. कागद इतका पातळ, हीटरने कोपरा वळलेला. त्यात मूव्हर्स येणार, खोकी भरणार... धसकाच घेतला. आईने माझी दहावीची मार्कशीट आणल्या दिवशी लॅमिनेट केली होती, अजून नव्यासारखी आहे. चित्र कॅम्पसजवळच्या कॉपीच्या दुकानात नेलं, दहा मिनिटांत लॅमिनेट झालं. शिरीष म्हणाला, "विचारायचं तरी त्यांना." नवऱ्याला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. म्हटलं, सरप्राइज आहे.

२७ ऑक्टो.
काका घरी आले. चित्र हातात दिलं. वरच्या कोऱ्या भागावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "कविता इथे लिहायची होती."
मला वाटलं वेगळ्या कागदावर लिहिणार. भिंतीवर एक जोडी आहे, एका फ्रेममध्ये चित्र, शेजारच्या फ्रेममध्ये कविता. "ती लग्नाआधीची," म्हणाले. "नंतर एकच कागद. ती माझ्यासाठी जागा सोडायची."
मी नुसती सॉरी, सॉरी. तर म्हणाले, तू चांगल्यासाठीच केलंस. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२९ ऑक्टो.
दुकानदार म्हणतो, निघणार नाही. जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना फोटो पाठवला. त्यांचंही तेच, प्लास्टिक ओढलं की कागद सोलून येईल. रेवा म्हणते, "मॉम, जस्ट प्रिंट अ कॉपी." पंधरा वर्षांची आहे, तिला काय बोलणार.
अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आई म्हणायची. चार वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून एकदा विचारलं नाही मी, की ते वर कोरं का.

५ नोव्हें.
काकांनी लिहिणं बंद केलंय. वर्तमानपत्रांची सगळी चळत रिसायकलिंगमध्ये. मागच्या मंगळवारचा डबा न उघडता परत. झोप नाही मला. शि. म्हणतो, एका चित्राचं किती लावून घेशील. एका नाही रे. शेवटच्या.

२४ नोव्हें.
काकांनी स्वतः फोन करून बोलावलं. मला वाटलं, निरोपाचं असेल. चित्र टेबलावर आडवं. "शाई घोट," म्हणाले. शाईची कांडी दगडावर पाण्यात घोटली. त्यांनी ब्रश बुडवला आणि सरळ प्लास्टिकवर लिहायला घेतलं. शाई धरेना, कडेला थेंब होऊन गोळा व्हायची. चौदावं अक्षर आलं तेव्हा मी डोळे मिटले.
हात हलला नाही. वीसच्या वीस झाली.
"आता बिघडायचं काय राहिलंय," म्हणाले.
वाचून दाखवता का, विचारलं. नाही म्हणाले, ते तिच्यासाठी आहे. मग ओला टिश्यू माझ्यापुढे धरला. "पूस. लिहून झालं." माझ्याच्याने होईना. टिश्यू खिशात कोंबला आणि वर घरी आले.
चित्र उभं केलं तर शाई ओघळेल, वाळली तर पापुद्रे सुटतील. मुलगा परवा येतोय, पॅकिंगला.