टिटवीचा उजवा हात

दि. ५ मार्च

प्रिय टिटवीस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. इकडे सर्व बरे आहे. माझे वर्ग संपत आले आहेत आणि उत्तरपत्रिकांचा ढीग वाट पाहतो आहे. आई जाऊन दीड महिना झाला. या वेळीही मला तिकडे फार राहता आले नाही, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

तुझ्या हाताविषयी. कापड बेतताना उजव्या हातातून कात्री निसटते, बोटांत जोर राहत नाही, आणि हे सारे आई गेल्यावर दोन आठवड्यांत सुरू झाले, असे तू लिहितेस. खोटे कशाला सांगू, ते वाचून माझ्यातला शिक्षक खुर्चीत सरसावून बसला.

नीट सांगतो. मी शिकवतो त्या मनोगतिक, म्हणजे मनाच्या उपचारांच्या पद्धतीत लक्षण म्हणजे निव्वळ बिघाड नसतो. एखादी भावना पेलली नाही, की मन ती तळघरात ढकलते. पण भावना तिथे झोपून राहत नाही, ती अंगात उतरते. कुणाचे पाय अडतात, कुणाचा हात लुळा पडतो. उपचार म्हणजे त्या भावनेला शब्द मिळवून देणे. शब्द मिळाले, की अंगाला तिचे ओझे वाहावे लागत नाही. केवढा सुंदर विचार आहे, पाहा!

आता तुझेच उदाहरण घे. सहा वर्षे तू याच हाताने आईला भरवलेस, कुशीवर वळवलेस, पुसलेस. एकदा तूच म्हणाली होतीस, की भरवताना चमचा मध्येच थांबला आणि क्षणभर पुढे जाईना. त्या क्षणी, टिटवे, आता आई जावी असे तुला वाटले होते. तू तिच्यावर संतापली होतीस. लाजू नको, हे माणसाचेच आहे. ती गेली, आणि हाताने स्वतःला शिक्षा करून घेतली.

तुमचे डॉक्टर मेंदूचे स्कॅन करा म्हणतात. इतक्यात कशाला? माझ्या ओळखीच्या एक बाई तुमच्या गावात हे उपचार करतात. दर गुरुवारी त्यांच्याकडे जा. पत्ता सोबत जोडला आहे.

तुझा,
दादा


दि. ४ डिसेंबर

दादा,

डाव्या हातानं लिहितेय, म्हणून हे कोंबडीचे पाय. चष्मा लाव आणि वाच.

परवा दुकानात उभ्या उभ्या कोसळले. शेजारच्या घड्याळवाल्यानं उचलून दवाखान्यात नेलं. स्कॅन झालं. डोक्यात डाव्या बाजूला गाठ आहे, लिंबाएवढी. सर्जन म्हणाले, "वर्षभर तरी असणार ही. इतका उशीर का केलात?" मी म्हटलं, "गिऱ्हाइकं थांबत नाहीत हो, डॉक्टर." तुझं नाव घेतलं नाही.

पंधरा तारखेला, सोमवारी ऑपरेशन. हात परत येईल न येईल, बोलणं मात्र जाऊ शकतं, असं म्हणाले. बडबडते म्हणून तूच माझं नाव टिटवी ठेवलंस, आणि आता जाणार काय, तर बोलणं. हस जरा.

गाठीवरून भांडत नाही. पण नऊ महिने त्या बाईंसमोर बसून मी कबूल करत होते, की मला आई मरायला हवी होती. आधी पटेना. मग पटायला लागलं. तिचा फोटो कपाटात उलटा करून ठेवलाय. आता हात कशानं गेला ते कळलं. मग तो राग? तो होता, की तू माझ्या डोक्यात घातलास?

सोमवारच्या आत सांग. आणि एका वाक्यात सांग. शाळेत तोंडी परीक्षेला मास्तरांनाच शिकवायचास, तसलं काही नको.

टिटवी


दि. ९ डिसेंबर

प्रिय टिटवीस,

तो राग माझा होता.

इथेच थांबायला हवे. पण तुला कारण कळायला हवे, आणि ते फक्त मलाच ठाऊक आहे.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला सांगतो, की अंगातले कारण आधी तपासून घ्यावे आणि मगच मनाकडे वळावे. दुसऱ्या तासाला सांगतो, की रुग्णाच्या मनात काय आहे ते आपण ठरवायचे नसते. त्याने बोलायचे, आपण ऐकायचे, अर्थ त्याच्याच बोलण्यातून वर यावा लागतो. बावीस वर्षे हे दोन तास घेतो आहे. तुझ्या बाबतीत दोन्ही नियम मोडले, तेही एका बैठकीत, पुढ्यातला चहा निवायच्या आत.

आई दर रविवारी फोन करायची. मी शेजारच्या खुर्चीत बसून तो वाजू द्यायचो. घरात कुणी विचारले तर म्हणायचो, "राँग नंबर असेल." सहा वर्षांत चार वेळा आलो, चारही वेळा परतीचे तिकीट आधीच काढलेले. शेवटच्या खेपेला तिने माझी बाही धरली आणि सोडेना. मी तिची बोटे एकेक करून उघडली. तू तेव्हा स्वयंपाकघरात होतीस. जिना उतरताना मनात शब्द अगदी स्पष्ट उमटले: संपव आता एकदाचे.

तुझे पत्र आले तेव्हा ते शब्द माझ्याजवळ तयारच होते. माणूस स्वतःला न पेलणारी भावना दुसऱ्याच्या अंगावर ठेवतो आणि तिथे ती पाहून थक्क होतो. या प्रक्षेपणावर मी अख्खे प्रकरण लिहिले आहे. तुझा हात मनाचा आजार ठरला, की राग तुझा ठरत होता. मला तो हात तसाच हवा होता.

चमचा का थांबला होता, हे मी तुला कधी विचारले नाही. कदाचित तू थकली असशील. कदाचित हात तेव्हापासूनच साथ सोडत होता. आणि खरेच राग असेल, तर तो तू सांगशील तेवढाच, तू सांगशील तसाच.

उशीर का झाला ते सर्जनना मी स्वतः सांगेन. माझे मार्चचे पत्र फाडू नको. ते त्यांना दाखवायचे आहे. शनिवारी दुपारी पोचतो. मी नको असेन, तर जिन्यात बसून राहीन. दार उघडलेस, तर सोमवारपर्यंत तू बोल. मी काहीही समजावून सांगणार नाही.

सोमवारनंतर तुला बोलता आले नाही, तर तुझ्याविषयी मला जे काही ठाऊक असेल, ते एवढ्या दोन दिवसांतलेच असेल.

तुझे कधीच न ऐकलेला,
दादा